सहकाऱ्यांच्या हातात नवं सॉफ्टवेअर रुळवताना

ऑफिसात नवं सॉफ्टवेअर येतं. एक दिवस प्रशिक्षण होतं, सगळे माना डोलावतात, हजेरीपत्रकावर सह्या करतात आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जुन्याच फायली ई-मेलवरून फिरायला लागतात. मग ज्याला ते सगळ्यात आधी जमलं त्याला कुणीतरी म्हणतं, "तू जरा सगळ्यांना दाखव ना." एवढ्या वाक्यावर माणूस मास्तर होऊन बसतो. हा लेख त्या माणसासाठी आहे, मग तो आयटीतला असो वा नसो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. सॉफ्टवेअर समजावून सांगणं हे तुमचं खरं काम नव्हे. सहकाऱ्याचं रोजचं एखादं काम नव्या पद्धतीने, त्याच्याच हाताने, शेवटपर्यंत पार पडलं की तुमचं काम झालं. बाकी मेन्यू, सेटिंग, खुब्या त्याला गरजेप्रमाणे सापडत जातात. खाली उदाहरणासाठी एकच बदल घेतला आहे: प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगवेगळी असलेली एक्सेलची फाइल बंद करून सगळ्यांनी एकाच ऑनलाइन शीटमध्ये नोंदी करायच्या. तुमच्याकडे दुसरं काही असलं तरी पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

पहिली पायरी : जुनं काम बघा

कॉम्प्युटर उघडायच्या आधी सहकाऱ्याशेजारी अर्धा तास नुसते बसा. तो काम कसं करतो ते बघा, मध्ये सल्ला देऊ नका. फाइल कुठून येते, तो कुठल्या रकान्यात काय भरतो, कुठे थांबून फोन करतो, कुठल्या ओळी पिवळ्या करतो. या पिवळ्या ओळींमध्ये खरी माहिती दडलेली असते. विचारलंत तर कळतं की पिवळा म्हणजे 'कागद आलेत, पण सही राहिली आहे'. ही गोष्ट कुठल्याही नियमावलीत नसते आणि नव्या शीटमध्ये तिला जागा ठेवली नाही, तर तुमची शीट कितीही देखणी असो, तो माणूस शेजारी स्वतःची फाइल चालूच ठेवणार. त्याचं चूकही नाही.

अवघड साधनापेक्षा निरुपयोगी साधन लवकर सोडलं जातं. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये लोक कॉम्प्युटरवरची नवी साधनं का स्वीकारतात याचा अभ्यास मांडला. साधन वापरायला किती सोपं आहे याला महत्त्व होतंच, पण 'यामुळे माझं काम चांगलं होईल का' या प्रश्नाचं वजन त्याहून बरंच जास्त निघालं. म्हणून 'हे खूप सोपं आहे हो' असं पटवत बसण्यापेक्षा त्या माणसाला सध्या कशाचा त्रास होतो ते शोधा. 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल खरी' अशा तीन फायलींतली कुठली धरायची या प्रश्नाने दर आठवड्याला त्याचं डोकं उठत असेल, तर तुमचा मुद्दा तिथेच आहे.

आणखी एक. जुनी पद्धत जशीच्या तशी नव्या साधनात ओतू नका. कारखान्यांत वीज आली तेव्हा अनेकांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली. इंजिनाची ताकद यंत्रांपर्यंत पोचवणारे, छताला लटकणारे दांडे आणि पट्टे तसेच ठेवले. विजेचा खरा फायदा दिसला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली आणि यंत्रांची मांडणी कामाच्या ओघाप्रमाणे बदलली तेव्हा. अमेरिकेत हे व्हायला १९२० चं दशक उजाडलं, म्हणजे विजेची पहिली केंद्रं सुरू झाल्यावर चाळीसेक वर्षं गेली. तुमच्या जुन्या फाइलमध्ये चार रकाने केवळ कुणीतरी कधीतरी मागितले होते म्हणून असतील, तर ते काढायची वेळ हीच.

दुसरी पायरी : एकच काम निवडा

वारंवार होणारं काम निवडा, रोजचं असेल तर उत्तम. महिन्यातून एकदा होणारं काम शिकवलं, तर पुढच्या वेळेपर्यंत सगळं विसरलेलं असतं. ते दहा-पंधरा मिनिटांत पुरं होणारं असावं आणि चुकलं तर फार बिघडू नये. महिनाअखेर, ऑडिट, डोक्यावर असलेली मुदत, हे दिवस टाळा. त्या दिवसांत माणसाला हमखास वाट हवी असते आणि ती जुनीच असते.

तिसरी पायरी : सुरुवात कुणापासून

साहजिकच वाटतं की तंत्रज्ञानाची आवड असलेल्या तरुण पोराला आधी धरावं. त्याला धरूही नका, अडवूही नका, तो शिकणारच. पण त्याला जमलं याचा इतरांवर काही परिणाम होत नाही. 'त्याला काय, तो त्यातलाच आहे' म्हणून सोडून देतात.

१९४३ मध्ये ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले शेतकरी संकरित मक्याकडे कसे वळले याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या बियाण्याबद्दल बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं ते विक्रेत्यांकडून. पेरायचं ठरवताना मात्र शेजाऱ्याचा शब्द जास्त चालला. ऑफिसातही हेच चालतं. तुम्ही विक्रेते आहात. शेजारी कोण ते शोधा: अडलं की लोक ज्याच्या टेबलापाशी जातात, ज्याला काम पाठ आहे आणि जो उगाच कशाचीही तारीफ करत नाही. असा माणूस थोडा खडूस असतो, सतरा शंका काढतो, पण त्याच्या शंका सुटल्या की निम्म्या ऑफिसच्या सुटतात.

वरिष्ठांबद्दल एवढंच: आकडे त्यांनी नव्या शीटमधूनच बघायला हवेत. 'मला मात्र जुन्या फॉर्मॅटमध्ये मेल करा' असं साहेबांनी एकदा जरी म्हटलं, तरी तुमची मोहीम तिथे संपली. सुरू करण्याआधी हे त्यांच्याशी स्पष्ट बोलून घ्या.

चौथी पायरी : चुकायची जागा तयार ठेवा

खऱ्या शीटची एक नक्कल करा आणि तिला ठळक 'सराव' असं नाव द्या. आत नोंदी खऱ्यासारख्या ठेवा, पण खरी नावं आणि खरे फोन नंबर नकोत. 'अबक', '१२३' असल्या नोंदी भरून सराव केला तर हात बसत नाही. नेहमी भेटणारी गुंतागुंत त्यात असू द्या. एखादी अर्धवट नोंद, एखादी दोनदा आलेली, एखादी चुकीच्या तारखेची.

मग काही वाटा बंद करा. सूत्रं असलेले रकाने कुलूपबंद करा. गूगल शीट्समध्ये 'डेटा' मेन्यूत त्याची सोय आहे. 'मंजूर', 'प्रलंबित' असे ठरावीक शब्द टाइप करायला लावू नका, यादीतून निवडायची सोय द्या. आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात वर्ड प्रोसेसरवर असाच प्रयोग केला होता. नवशिके ज्या सोयींमध्ये हमखास अडकतात त्या सुरुवातीला बंद ठेवल्या, तर ते मूळ काम लवकर शिकले. त्याच संशोधनात असंही दिसलं की जाडजूड माहितीपुस्तक पुढे ठेवलं तरी लोक ते वाचत बसत नाहीत, सरळ कामाला हात घालतात. त्यामुळे पुस्तक लिहायच्या फंदात पडू नका. पडलात तर ते तुम्ही स्वतःच वाचाल.

पाचवी पायरी : पहिली बैठक

इथे घाई करू नका. एका वेळी एक जण, फार तर दोन. वीस जणांच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून दाखवता येतं, शिकवता येत नाही. पन्नाशीच्या माणसाला वीस जणांसमोर 'हे एंटर कुठे दाबायचं?' विचारणं जड जातं. तो विचारत नाही, मान हलवतो. आपण ज्याला तंत्रज्ञानाची भीती म्हणतो ती बऱ्याचदा चारचौघांत अडाणी दिसण्याची भीती असते.

माउस त्यांच्या हातात. हा नियम मोडू नका. 'थांबा, मी करून दाखवतो' म्हणत तुम्ही पटापट क्लिक केलंत, की समोरच्याने एवढंच शिकलेलं असतं की अडलं की तुम्हाला हाक मारायची. हात शिवशिवले तर मांडीवर ठेवा किंवा वही-पेन धरा. ऑनलाइन शिकवत असाल तर स्वतःची स्क्रीन शेअर करू नका, त्यांची करायला सांगा.

बोलताना आधी कुठे बघायचं ते सांगा, मग काय करायचं, मग काय दिसेल. 'फिल्टर लाव आणि एंट्री टाक' ही तुमची भाषा झाली. त्यांच्यासाठी ती अशी हवी: "सगळ्यात वरची ओळ बघा. 'विभाग' लिहिलंय तिथे उजव्या कोपऱ्यात छोटं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करा. आता एक यादी उघडेल." यादी उघडल्याचं त्यांनी स्वतः म्हणेपर्यंत पुढे सरकू नका.

हे वाटतं तितकं सोपं नाही. स्टॅनफर्डमध्ये १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काही जणांनी माहितीतल्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. तुम्ही 'फिल्टर' म्हणता तेव्हा तुमच्या डोक्यात पूर्ण गाणं वाजत असतं.

'सोपं आहे' हे शब्द टाळा. जमलं तर सोपं होतंच, त्यात त्यांचं कौतुक नाही; नाही जमलं तर सोपंसुद्धा जमत नाही असा अर्थ निघतो. त्यापेक्षा 'हे पहिल्यांदा सगळ्यांना गोंधळात टाकतं' असं म्हणा. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

आता क्रम. नोंद भरायला शिकवण्याआधी केलेलं मागे घ्यायला शिकवा. सराव शीटमध्ये त्यांना सांगा, "ही अख्खी ओळ उडवा." ते बिचकतात. उडवू द्या. मग कंट्रोल आणि झेड दाबायला सांगा, ओळ परत येते. त्यानंतर आणखी पुढे जा: पाच-सात ओळी उडवून ती विंडोच बंद करा, शीट पुन्हा उघडा. आता कंट्रोल-झेड कामाचं नाही. 'फाइल' मेन्यूतून 'व्हर्जन हिस्टरी' उघडून थोड्या वेळापूर्वीची शीट त्यांच्याच हाताने परत आणा. उजवीकडे वेळेप्रमाणे जुन्या प्रती दिसतात, हवी ती निवडली की 'रिस्टोअर'. यात पाच मिनिटं जातात, पण आपल्या हातून कायमचं काही बिघडणार नाही हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढे स्वतःहून चार बटणं दाबून बघतो.

मग निवडलेलं एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा. पुन्हा एकदा करा, या वेळी तुम्ही गप्प. ते थांबले, स्क्रीनभर नजर फिरवू लागले, तरी लगेच बोलू नका. शोधणं हेच शिकणं आहे. मनात दहा आकडे मोजा. काम पुरं झालं की थांबा. उत्साहाच्या भरात 'अजून एक मस्त गोष्ट दाखवतो' म्हणायचा मोह होईल, आणि तीच मस्त गोष्ट आधीच्या सगळ्यावर पाणी टाकते. पाऊण तास पुष्कळ झाला.

एका खड्ड्याची पूर्वसूचना इथेच द्या, कारण तो पहिल्या आठवड्यात येतोच. सामायिक गूगल शीटमध्ये एकाने साधा फिल्टर लावला की तो सगळ्यांना दिसतो. म्हणजे एकाने फक्त स्वतःच्या विभागाच्या ओळी ठेवल्या की दुसऱ्याचा फोन येतो, "माझ्या नोंदी गेल्या!" गेलेल्या नसतात, लपलेल्या असतात. 'फिल्टर व्ह्यू' वापरला तर ज्याचं त्याला दिसतं. हे आधी सांगितलं नसेल तर त्या एका फोननंतर 'ऑनलाइन शीट नोंदी खाते' ही बातमी दुपारपर्यंत ऑफिसभर झालेली असते.

सहावी पायरी : चिठ्ठी

एक कागद, एकच काम, मोठा टाइप. बटणांची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच लिहा. स्क्रीनवर 'सबमिट' असेल तर कागदावर 'सादर करा' नको. नमुना असा:

नवी नोंद करणे
१. 'नोंदवही' नावाची शीट उघडा. (वरची पट्टी हिरवी असेल तर ती खरी. केशरी म्हणजे सराव.)
२. सगळ्यात खालच्या रिकाम्या ओळीत जा. कंट्रोल धरून खाली जाणारा बाण दाबा, मग फक्त बाण एकदा.
३. तारीख, नाव, विभाग भरा. विभाग यादीतून निवडा.
४. सही राहिली असेल तर 'सही बाकी' या चौकोनात टिक करा.
५. सेव्ह करावं लागत नाही. तसंच बंद करा.
चुकलं तर : कंट्रोल + झेड. तरीही नाही जमलं तर काहीही न करता मला बोलवा.

पाचवी ओळ क्षुल्लक वाटेल, पण वर्षानुवर्षं सेव्ह दाबलेल्या माणसाला सेव्ह न करता बाहेर पडणं जिवावर येतं. चौथी ओळ म्हणजे त्या पिवळ्या रंगाला दिलेली जागा. चिठ्ठी लिहिल्यावर ज्याला काहीच माहीत नाही अशा कुणाला तरी ती वाचून काम करायला सांगा. जिथे तो अडेल तिथे चिठ्ठी दुरुस्त करा.

सातवी पायरी : दुसऱ्या दिवशी पुन्हा

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणशक्तीचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांपैकी बराचसा भाग पहिल्या दिवसभरातच निसटतो, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. ऑफिसचं काम निरर्थक अक्षरांइतकं भराभर विसरत नाही, पण रोख तोच. म्हणून दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. प्रत्येक वेळी तुम्ही दाखवायचं नाही. 'कालची नोंद कशी केली ते दाखवा' एवढंच विचारायचं.

तेच तेच प्रश्न येतील. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तर माणसाकडे बघू नका, चिठ्ठीकडे आणि शीटकडे बघा. तिघे जण एकाच जागी अडत असतील तर ती जागा चुकीची बांधली आहे.

'मला नाही जमणार' म्हणणाऱ्यांसाठी

या वाक्यामागे नेमकं काय आहे ते आधी शोधा. कधी अक्षर बारीक दिसतं, एवढंच असतं. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून ते मोठं करून द्या आणि जाहीर वाच्यता करू नका. कधी भीती असते की आता कोण किती काम करतं ते सगळं वर दिसणार, किंवा आपलं कामच जाणार. याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर 'छे छे, तसं काही नाही' असं परस्पर आश्वासन देऊ नका. ज्यांच्याकडे उत्तर आहे त्यांना बोलायला लावा. कधी आक्षेप साधार असतो. 'इंटरनेट गेलं की काय करायचं?' हा अडथळा आणणारा प्रश्न वाटला तरी त्याचं उत्तर चिठ्ठीवर असायला हवं.

आणि कधी माणूस खरंच स्वतःला दोष देत असतो. शून्याने सुरू होणारा क्रमांक टाकला, शीटने पुढचा शून्य खाल्ला. '३-५' लिहिलं, तिथे तारीख उमटली. त्याला वाटतं आपण काहीतरी चुकीचं दाबलं. अशा वेळी मार्च१ आणि सेप्ट१ या जनुकांची गोष्ट सांगा. शास्त्रज्ञ ही नावं एक्सेलमध्ये लिहायचे आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. संशोधनातल्या तक्त्यांमध्ये या चुका इतक्या झाल्या की अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं. एक्सेलपुढे जिथे जनुकांनी हात टेकले तिथे आपण कोण! उपाय मात्र साधा आहे: तो रकाना आधीच 'प्लेन टेक्स्ट' करून ठेवा.

कितीही वैतागलात तरी एक करू नका: त्यांच्या लॉगिनने त्यांचं काम स्वतः उरकून टाकू नका आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून घेऊ नका. नोंद कुणी केली हे शीट नावानिशी लक्षात ठेवते. उद्या प्रश्न आला तर उत्तर देणं त्यांना भाग पडेल.

आठवी पायरी : जुनी वाट बंद करा

'काही दिवस दोन्हीकडे भरा' हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि पहिला आठवडा ते ठीकही आहे, आकडे जुळतात का ते पडताळता येतं. पण शेवटची तारीख न ठरवता असं चालू ठेवलं की काम दुप्पट होतं, आणि दुप्पट कामात माणूस नवीन तेच सोडतो. तारीख सुरुवातीलाच जाहीर करा. त्या दिवशी जुनी फाइल 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवा. पुसू नका, जुन्या नोंदी लागतात आणि फाइल आहे या विचाराने लोक निर्धास्तही राहतात. त्याआधीच्या दोन दिवसांत एकदा प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन 'काही राहिलंय का?' विचारून या.

पहिले काही दिवस सगळ्यांचा वेग कमी होईल. हे वरिष्ठांच्या कानावर आधीच घाला, म्हणजे तिसऱ्या दिवशी 'यापेक्षा जुनंच बरं होतं' असा शेरा येणार नाही.

जमलं का, हे कसं ओळखायचं

किती जण प्रशिक्षणाला बसले यावरून काही कळत नाही. महिन्याभराने नव्या नोंदी थेट शीटमध्ये येतात की ई-मेलला जोडून, ते बघा. लोक तुम्हाला सोडून एकमेकांना विचारायला लागले का, ते बघा. एखाद्याने तुम्ही न दाखवलेलं काही स्वतःहून केलं असेल तर ते इतरांना त्यालाच दाखवू द्या. आणि महिन्याभरानंतरही बहुतेकांना त्रासच होत असेल, तर साधन चुकलं असण्याची शक्यता मोकळ्या मनाने धरा. ते परत पाठवायला सांगणं हेही तुमच्याच कामात येतं.

मग दुसरं काम निवडा. पण त्याआधी शीटचे सगळे अधिकार असलेला आणखी एक जण नेमा आणि कुलपं कुठे लावली आहेत, सराव शीट कुठे आहे, चिठ्ठीची मूळ प्रत कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे त्याला बसून दाखवा. माउस अर्थातच त्याच्या हातात.